प्रकल्प नोंदी : डास, तापमान आणि नळाचा दिवस

११ डिसेंबर

पीएचडीचा विषय एकदाचा पक्का झाला. समशीतोष्ण हवामानात डासांमुळे येणाऱ्या साथींचं गणिती मॉडेल. मार्गदर्शक सरांना जळगावला फोन करून म्हटलं, सर, मी धुळे जिल्ह्यात राहते, समशीतोष्णाशी माझा संबंध डिसेंबरातल्या स्वेटरपुरता. सर म्हणाले, "तिकडची आकडेवारी छापील मिळते. तुमच्याकडची गोळा करत बसलात तर पीएचडी होईपर्यंत निवृत्त व्हाल." तासिका तत्त्वावरच्या बाईला निवृत्ती कसली, पण ते बोलले नाही.

सुरुवात इटलीपासून. २००७च्या उन्हाळ्यात रावेन्ना प्रांतात, कास्तिल्योने दी चेर्विया या लहानशा गावात आणि शेजारच्या वस्तीत चिकुनगुन्याची साथ आली. दोनशेहून अधिक रुग्ण. ज्याच्यापासून सुरू झाली तो माणूस जूनमध्ये आपल्याकडून, केरळातून, तिथे गेलेला. पण एकट्या माणसाने साथ येत नाही, डास लागतो. तो आधीच जाऊन बसला होता: एडिस अल्बोपिक्टस, पांढऱ्या पट्ट्यांचा टायगर डास. १९९० साली जेनोआत पोचला, तो जुन्या टायरांतून. हायवेवर पंक्चरच्या दुकानाबाहेर टायरांची चळत असते, तिच्याकडे आता मी वेगळ्या नजरेने बघणार.

वहीच्या पहिल्या पानावर प्रश्न लिहिला: तोच माणूस जूनऐवजी जानेवारीत गेला असता तर?

१५ डिसेंबर

डासांमार्फत पसरणाऱ्या साथींचं रॉस-मॅकडोनाल्डचं सूत्र पुन्हा हाताने मांडलं. रोनाल्ड रॉसने १८९७ साली सिकंदराबादला डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू पाहिला, हे शाळेत शिकवतात. त्याने पुढे गणित मांडलं, ते शिकवत नाहीत. त्याचं म्हणणं असं की हिवताप घालवायला शेवटचा डास मारायची गरज नाही, माणसामागे डासांची संख्या एका मर्यादेखाली आणली की साथ आपोआप विझते. मॅकडोनाल्डने १९५०च्या दशकात त्यात डासाच्या आयुष्याचा हिशोब पक्का बसवला.

एका रुग्णापासून पुढे किती रुग्ण होतात, तो आकडा म्हणजे आर-शून्य. एकाच्या वर गेला तर साथ, खाली राहिला तर नाही. त्यात माणसामागे डास किती हे एकदा येतं. चावण्याचा वेग मात्र दोनदा येतो, म्हणजे त्याचा वर्ग, कारण डासाला एकदा रोग्याला चावून जंतू घ्यायचा असतो आणि पुन्हा दुसऱ्याला चावून द्यायचा असतो. आणि डासाचं मरण तर थेट घातांकात जाऊन बसलंय. जंतू डासाच्या पोटातून लाळेपर्यंत पोचायला काही दिवस लागतात, तेवढे दिवस डास जगला तरच खेळ पुढे जातो. म्हणून अळीनाशकापेक्षा मोठ्या डासाचं आयुष्य कमी करणं सूत्राला जास्त झोंबतं.

काही लेखांत आर-शून्यावर वर्गमूळ असतं, काहींत नसतं. एक तास त्यात गेला. उंबरठा दोन्हीकडे एकच आहे, पण आकडे एकमेकांशी ताडून बघायचे नाहीत, एवढं लाल शाईने लिहून ठेवलं.

जाता जाता: केर्मॅक आणि मॅकेंड्रिक यांचा १९२७चा लेख, ज्यावर सगळं साथशास्त्राचं गणित उभं आहे, त्यात ताडून पाहायला घेतलेली साथ मुंबईच्या प्लेगची आहे, १९०५-०६ची. आमच्याकडची आकडेवारी तेव्हा मिळत होती म्हणायची.

२८ डिसेंबर

दोन दिवस गच्चीवर थर्मामीटर. पहाटे ८ अंश, दुपारी २८. सासूबाई शेकोटीजवळून विचारतात, रात्री गच्चीवर काय शोधते.

मॉडेलमध्ये रोजची सरासरी घालायची पद्धत आहे. सरासरी १८. व्हायव्हॅक्स हिवतापाच्या जंतूसाठी जुना सोपा हिशोब आहे: साडेचौदा अंशांच्या वर जेवढं तापमान, तेवढे त्या दिवसाचे अंश जमा होतात, जमा १०५ झाली की जंतू तयार. १८ला रोज साडेतीन जमा, म्हणजे ३० दिवस.

पण आमच्याकडे १८ अंश असतात कधी? सकाळी दहाला पाच मिनिटं आणि रात्री पाच मिनिटं. उरलेला वेळ एकतर कुडकुडणं किंवा ऊन. म्हणून तासातासाची लाट घेतली. साडेचौदाच्या खाली गेलेले तास शून्य धरले (जंतू थांबतो, जमा झालेलं परत देत नाही), वरचे तास पूर्ण. रोजची जमा ५.१ आली. १०५ पूर्ण व्हायला साडेवीस दिवस.

३० आणि साडेवीस. डास रोज दहातला एक मरतो असं धरलं तर तीस दिवस जगणारे शेकड्याला ४, साडेवीस दिवस जगणारे ११ ते १२. तिपटीचा जवळपास फरक नुसत्या सरासरीने खाल्ला. सरांना फोटो पाठवला. उत्तर आलं, "ठीक. इटलीलाही हेच लावा." इटलीच्या त्या सपाटीवर दिवसरात्रीत एवढी तफावत नसते, फरक कमी पडेल. तरी लावते.

९ जानेवारी

इटलीचं मॉडेल चाललं. तापमानाची साधी लाट: जानेवारीत तीन-चार अंश, जुलैत चोवीसच्या आसपास. पायथनमध्ये एक लूप, आणि रुग्ण येण्याचा दिवस १ जानेवारीपासून ३१ डिसेंबरपर्यंत एकेक सरकवत नेला.

जानेवारी ते एप्रिल: काही होत नाही. माणूस बरा होऊन परत जातो, गावाला पत्ता नाही. मेअखेर ते जुलै: मोठी साथ. ऑगस्टपासून उतार, सप्टेंबरच्या मध्यानंतर आला तर एखादी पिढी होऊन विझते, कारण जंतू डासात पिकेपर्यंत थंडी येते. म्हणजे समशीतोष्ण प्रदेशात साथीचं भवितव्य पहिला रुग्ण कुठल्या तारखेला उतरतो यावर फार आहे. बाकी सगळं तेच ठेवून नुसती तारीख हलवली तर शून्यापासून शेकड्यांपर्यंत काहीही येतं. टोकियोत २०१४ साली योयोगी पार्कमधून डेंग्यू पसरला तोही उन्हाळ्याच्या शेवटाकडेच.

माझं मॉडेल मात्र साथ ऑक्टोबरात ओढत नेतं. प्रत्यक्षात ती सप्टेंबरअखेर ओसरली. तिथे फवारणी झाली, घरोघरी जाऊन पाणी उपसलं, ते माझ्यात नाही. सूत्रात त्याचं पद घालायला हवं.

३ फेब्रुवारी

गंमत म्हणून धुळ्याचं तापमान घातलं. निकाल: वर्षभर एकही डास नाही.

दोन दिवस चूक शोधली. एकक तपासली, तासांचे दिवस केले, लूप उलटा-पालटा केला. नवऱ्याने सुचवलं की आरोग्य खात्याला कळव, बक्षीस मिळेल.

चूक सापडली ती कोडात नव्हती. टायगर डासाची थंडीतली युक्ती अशी की दिवस लहान होऊ लागले की मादी झोपेची अंडी घालते. ती हिवाळाभर उबत नाहीत, वसंतात दिवस मोठा झाला की फुटतात. मी हा नियम साडेतेरा तासांवर बसवला होता: दिवस त्याहून लहान असेल तर अंडी झोपेची. रावेन्ना ४४ अक्षांशावर, जूनमध्ये दिवस साडेपंधरा तासांचा. धुळं २१वर. आमचा वर्षातला सगळ्यात मोठा दिवस १३ तास २० मिनिटांच्या घरात. साडेतेरा कधी येतच नाहीत. म्हणून मॉडेलने आमच्या डासांना बारमाही झोपवून टाकलं.

आपल्याकडचा डेंग्यूचा मुख्य डास एडिस इजिप्ती. त्याला ही झोप नाही. त्याची अंडी कोरडी पडली तर महिनोन्महिने तग धरतात, पाणी लागलं की फुटतात. म्हणजे आमच्या घड्याळाचा काटा उजेड नाही, पाणी आहे. नियम काढून टाकला. पण ही ओळ लिहिताना काहीतरी हाताला लागलंय असं वाटतंय.

मार्च

पेपर तपासणी, परीक्षा, पर्यवेक्षण. काम शून्य.

१८ एप्रिल

आता धुळ्याचं मॉडेल चालतं, पण एप्रिलच्या मध्यापासून आर-शून्य कोसळून शून्यावर जातो आणि जूनपर्यंत तिथेच राहतो. कारण सरळ आहे. इजिप्तीमार्फत डेंग्यू पसरायला सगळ्यात अनुकूल तापमान २९ अंशांच्या आसपास, ३४च्या वर गाडी बंद पडते. टायगर डासाला तर २६च पुरे. आमच्याकडे दुपारी ४२. मॉडेल म्हणतं, खान्देशाचा हिवाळा मे महिन्यात असतो.

वाक्य मला इतकं आवडलं की प्रकरणाचं नाव तेच द्यायचं ठरवलं.

रात्री झोपताना पायाला चावला. उजेड लावून पाहिला, पांढरे पट्टे.

५ मे

थर्मामीटर घेऊन दुपारी दोनला घरभर फिरले. धाब्याचा जुना भाग, पुढे स्लॅबच्या दोन खोल्या, मागे मोरी. आकडे जसेच्या तसे:

अंगणात, निंबाच्या सावलीत ४३.५. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी ४१, हात घालवत नाही. स्वयंपाकघरातल्या हंड्यात ३२. मोरीतल्या निळ्या टिपाडात, म्हणजे पिंपात, २९. माठात २६. कूलरच्या टाकीत २५. कूलर चालू असलेल्या खोलीतली हवा ३१.

हवामान खात्याच्या ४३ अंशांत डास राहतच नाही. तो राहतो पलंगाखाली, ३१ अंशांत, आणि त्याची अळी टिपाडात, २९ अंशांत. बरोबर जिथे सूत्राचा डोंगर सर्वात उंच आहे तिथे. आम्ही स्वतःला गार ठेवायला जे जे करतो ते सगळं डासालाही गार ठेवतं. प्रकरणाचं ते सुंदर नाव खोडलं.

टिपाडात टॉर्च मारला. आधी काहीच दिसलं नाही. मग माझी सावली पडताच सगळं पाणी वळवळत खाली गेलं. थोडं थांबल्यावर एकेक वर येऊन तिरक्या लटकल्या, शेपटाकडची नळी पाण्याच्या पृष्ठभागाला टेकवून, डोकं खाली. दोन-तीन कोष होते, स्वल्पविरामासारखे. आणि पाण्याच्या रेषेच्या वर दोन बोटं, टिपाडाच्या आतल्या अंगाला, काळ्या खसखशीसारखी अंडी पट्ट्याने चिकटलेली. पाण्यात नाही, वर. कोरड्यात.

इथे थांबून विचार केला की ही वरची अंडी फुटतात कधी. पाणी वर चढलं की. पाणी वर कधी चढतं? पाऊस नाही, मे महिना. पाणी वर चढतं नळाच्या दिवशी.

६ मे

आज नळ आला, नवव्या दिवशी, रात्री साडेअकराला. सगळी गल्ली जागी. मोटारी लागल्या, टिपाडं काठोकाठ. मी अंड्यांची थोडी खरड एका बरणीत घेतली, वर तेच पाणी घातलं, तोंडाला दुहेरी फडकं बांधलं आणि रबर लावलं. सासूबाईंनी बरणी देवघरापासून लांब ठेवायला लावली.

१० मे

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. नवी घागर आली, पूजा झाली, वर डांगर ठेवलं. नणंदा माहेरी आल्या, आमरस, खापरावरचे मांडे, निंबाला झोका. मॉडेलच्या भाषेत सांगायचं तर माणसं पाच वाढली, पाण्याची भांडी चार वाढली. बरणीत अळ्या चांगल्या मोठ्या झाल्यात. चौदा मोजल्या.

१२ मे

आशाताई आल्या. भांडी बघितली, भिंतीवर खडूने तारीख टाकली, टिपाडात औषध टाकलं आणि सांगून गेल्या की आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, शनिवारी सगळी भांडी रिकामी करून घासून उलटी घाला. नियम बरोबर आहे. अळीचा डास व्हायला सात-आठ दिवसांहून जास्त लागतात, दर सात दिवसांनी पाणी फेकलं तर बहुतेक अळ्या मोरीतच संपतात.

सासूबाई म्हणाल्या, "बाई, नऊ दिनमा एकदाव पानी येस. शनवारले फेकी दिधं ते रैवारले काय पेवानं?"

आशाताईंकडे उत्तर नव्हतं. त्यांच्या घरीही नऊ दिवसांनीच येतं. मी दोघींचा संवाद कोडाच्या फाइलीत वरती टिपणी म्हणून लिहून ठेवलाय.

१७ मे

बरणीचा निकाल. आठव्या दिवशी २ डास, नवव्या दिवशी ७, दहाव्या दिवशी ४. एक अळी मेली. डास फडक्यातच मारले. चौदा अळ्यांवर शास्त्र होत नाही, पण सरासरी नऊ दिवस आली आणि नळही नऊ दिवसांनी येतो. हा योगायोग चांगला नाही.

२४ मे

मॉडेलमध्ये नवं पद घातलं. अंडी रोज थोडी थोडी फुटत नाहीत, नळाच्या दिवशी एकदम फुटतात. पाणी पुन्हा येईपर्यंत अळी वाढते. पुढच्या नळाच्या दिवशी भांडं रिकामं करून घासलं तर तोवर जी डास झाली नाही ती गेली. वाढीचा काळ सरासरी ९ दिवस, मागेपुढे पावणेदोन-दोन दिवसांची विखुरणी धरली. मधला अळ्यांचा मृत्यू सध्या बाजूला ठेवला.

नळ पाच दिवसांनी आला तर शेकड्यात एकही डास धड होत नाही. सहा दिवसांनी ३. सात दिवसांनी १३. आठ, ३०. नऊ, ५३. दहा, ७३. अकरा, ८६.

हा आलेख बराच वेळ बघत बसले. सात आणि नऊ यांच्यात दोनच दिवस आहेत, पण डास चौपट. आर-शून्यात डासांची संख्या सरळ गुणाकारात येते, म्हणजे तोही चौपट. वर्षभराचं तापमान दोन अंशांनी हलवून पाहिलं, एवढा फरक कुठेही पडला नाही. इटलीत जे काम तारीख करते ते आमच्याकडे नळाचं अंतर करतं.

आणि हे सगळं भांडी घासली जातात असं धरून. हंडे, कळश्या, माठ घासले जातात, नळाच्या दिवशी बायका पहाटेपासून तेच करतात. टिपाडात मात्र तळाला दोन वीत पाणी राहतंच, आणि त्यावरच नवं भरतात, कारण नळ खरंच येईल याची खात्री नसते. जमिनीखालच्या टाकीचं तर बोलायलाच नको. म्हणून भांड्यांचे दोन गट केले: घासली जाणारी आणि न घासली जाणारी. दुसऱ्या गटाला अंतराशी देणंघेणं नाही, ती सगळेच डास सोडतात. आमच्या घरात पहिल्या गटात अकरा भांडी, दुसऱ्यात तीन. पण पाणी दुसऱ्यात जास्त आणि अळ्याही तिथेच.

मग कोरडा दिवस कधी? शनिवारी नाही. नळ यायच्या तासभर आधी, जेव्हा पाणी सगळ्यात कमी असतं, टिपाड आडवं करून काथ्याने आतून पाण्याच्या जुन्या रेषेपाशी जोरात घासायचं. अंडी तिथे आहेत. नुसतं पाणी ओतून दिलं तर अंडी भिंतीलाच राहतात. मॉडेलमध्ये हा एक नियम बदलल्यावर घरातले डास निम्म्याखाली आले, पाण्याचा थेंब न फेकता.

सासूबाईंना सांगितलं. म्हणाल्या, घासते, पण नळ कधी येणार ते आधी कोणी सांगायला हवं. खरं आहे. नळ रात्री दोनलाही येतो. हे पद कसं घालू?

१४ जून

पहिला पाऊस. हवा गार, कूलर बंद. गल्लीतल्या सगळ्या घरांतले कूलर एका दिवसात बंद झाले आणि प्रत्येकाच्या पोटात पाणी तसंच. आमच्याही. उपसलं.

शेतात लोकांनी कपाशीची धूळपेरणी करून ठेवली होती, ती आता उगवेल. भिंतीवरच्या, टायरांतल्या, फुटक्या कुंड्यांतल्या अंड्यांचंही तेच. उन्हाळाभर घरात जे टिकलं ते बियाणं, बाहेरचं सगळं रान आता त्याला मोकळं. दमट हवेत डास जगतोही जास्त. माझं मॉडेल रुग्णांचा कळस सप्टेंबर-ऑक्टोबरात दाखवतं, तो यातूनच येतो. मेमध्ये घरातले डास निम्मे केले तर कळस किती खाली येतो ते पाहिलं: येतो, पण उशिरा सरकतो जास्त. आजपुरतं एवढंच, अजून खात्री नाही.

२९ जून

रुग्णांच्या आकड्यांसाठी एका कार्यालयात तिसऱ्यांदा गेले. महिन्याची बेरीज मिळाली. रॅपिड किटवर पॉझिटिव्ह आलेला संशयित, एलायझा या प्रयोगशाळेतल्या चाचणीत आला तरच पक्का. खासगी दवाखान्यांतले बहुतेक "डेंग्यूसदृश" म्हणून कुठेच धरलेले नाहीत. एका महिन्यात एकदम शून्य. साथ थांबली होती का, विचारलं. तिथल्या बाई म्हणाल्या, नाही, त्या महिन्यात किट नव्हत्या.

या आकड्यांवर वक्ररेषा बसवणार नाही. कळसाचा महिना तेवढा ताडून बघेन.

८ जुलै

जळगावला सरांकडे. दोन तास बसलो. तासातासाच्या तापमानाचा भाग त्यांना पसंत पडला. नळाचा आलेख त्यांनी तीनदा मागेपुढे केला, मग विचारलं, "विखुरणी दुप्पट केलीत तर?" मी करून पाहिली नव्हती. तिथेच लॅपटॉपवर केली. चढ सौम्य होतो, सातला बत्तीसच्या आसपास आणि नऊला पंचावन्न. चौपटीचं पावणेदोनपटीवर आलं. चौदा अळ्यांच्या बरणीवर मी किती उड्या मारत होते ते कळलं. मोठ्या संख्येने, मे आणि सप्टेंबर दोन्ही हवांत, पुन्हा मोजायचं ठरलं. बरण्या सहा लागतील.

शीर्षक समशीतोष्णच राहणार. धुळ्याचं प्रकरण पाचवं, नाव "साठवणुकीच्या पाण्याचा आवर्ती परिणाम". सरांना "नळाचा दिवस" चालणार नव्हतं.

एसटीतून परतताना नवऱ्याचा मेसेज: नळ आलाय, या खेपेला अकरा दिवसांनी. टिपाड आईने आधी घासून घेतलं. खरड एका कागदात ठेवलीय, तुला लागेल म्हणून.